प्रदर्शनातलं टेबल: हात लावावासा वाटेल अशी मांडणी

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. दिवाळीच्या तोंडावर बडोद्यात मंडळाच्या हॉलमध्ये दोन दिवसांचं प्रदर्शन आहे. तुम्हा तिघी मैत्रिणींना मिळून ६ बाय अडीच फुटांचं एक टेबल आणि मागची भिंत मिळणार आहे. माल म्हणजे भाजलेल्या मातीचे दागिने, मॅक्रेमेची, म्हणजे सुताला गाठी मारून केलेली वॉलपीस आणि रंगवलेल्या पणत्या. गेल्या वर्षी जो आला तो "किती सुंदर मांडलंय!" म्हणाला, अनेकांनी फोटो काढले आणि खरेदी मात्र पुढच्या स्टॉलवर केली. मांडणीत काय कमी पडलं?

तुम्ही पाठवलेला फोटो बघितला. कमी काहीच नाही, उलट मांडणी फार पुरी झाली आहे. पायऱ्या, त्यांवर पैठणी, दोन्ही अंगांना सारख्या समया, मधोमध मोठं वॉलपीस, डावी-उजवीकडे तंतोतंत सारख्या पणत्यांच्या रांगा, कडेनं झेंडूच्या माळा. ही चैत्रगौरीची आरास झाली! आपल्याकडच्या बायकांना पायऱ्यांची आरास कुणी शिकवावी लागत नाही, आणि नेमकी तीच सवय स्टॉलवर आडवी येते. आरास लांबून डोळे भरून बघायची असते. तिच्यातलं काही उचललं की घरातलं मोठं माणूस डोळे वटारतं. तुमच्या टेबलासमोर गिऱ्हाईक तेच करतं. हात मागे बांधून उभं राहतं, मनापासून कौतुक करतं आणि निघून जातं. हातानं केलेली वस्तू हातात घेतल्याशिवाय घ्यावीशी वाटत नाही. तेव्हा खाली जे सांगते ते सगळं एकाच कसोटीवर घासून बघा: समोरच्या बाईला ही वस्तू कुणाला न विचारता, काही न पाडता, उचलता येते का?

बडोद्याला हे नवं नाही. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या फाइन आर्ट्स फॅकल्टीची जत्रा १९६०च्या दशकापासून नावाजलेली आहे. विद्यार्थी आणि शिक्षक मिळून हातानं केलेल्या वस्तू तिथे विकायचे आणि के. जी. सुब्रमण्यन यांच्यासारख्या चित्रकारानं त्या जत्रेसाठी खेळणी केली होती. एवढ्या मोठ्या कलावंताला लोकांनी उचलून, फिरवून, उलटं करून बघावं अशी वस्तू करण्यात कमीपणा वाटला नाही, मग आपण आपल्या पणत्यांना हात लागू नये म्हणून का जपायचं? एखादी फुटेल, हे धरून चाला आणि तिची किंमत आधीच हिशोबात घ्या.

आता टेबल. अडीच फूट खोली ऐकायला कमी वाटते, पण टेबलाच्या कडेशी उभ्या असलेल्या बाईचा हात आरामात दीड-दोन फुटांपर्यंतच पोचतो. त्यामागचा माल तिच्यासाठी कपाटात ठेवल्यासारखाच. म्हणून पायऱ्या हव्यातच, पण तीनच्या वर नकोत. पहिली पायरी म्हणजे टेबलाचा पृष्ठभाग, दुसरी त्याच्या ७-८ इंच वर, तिसरी १५-१६ इंच वर. उचलून बघायचा माल पहिल्या दोन पायऱ्यांवर ठेवा आणि तिसरीवर फक्त नमुने. पायरीसाठी पुठ्ठ्याची खोकी वापरू नका, दुपारपर्यंत ती बसतात. घरातले पाट, चौरंग, फळवाल्याकडची लाकडी पेटी चालेल. संखेडा गावचा बाजोठ, म्हणजे लाकडी चौरंग, घरात असेल तर तोही छान, बडोद्याच्या गिऱ्हाइकाला तो लगेच ओळखीचा वाटतो. पण एकच ठेवा आणि त्यावर साधी, एकरंगी वस्तू ठेवा. संखेड्याच्या लाकडावर कथलाची नक्षी आणि वरून लाखेचा थर असतो. त्याचं सोनेरी-तपकिरी तेज इतकं बोलकं आहे की वर नक्षीदार पणती ठेवली तर पणती दिसतच नाही, बाजोठच दिसतो.

पैठणी काढा. रागावू नका, पण तिचे काठ तुमच्या मालापेक्षा देखणे आहेत! मंडपवाला टेबलाला जी चकचकीत सॅटिनची झालर लावून देतो तीही काढायला सांगा किंवा झाकून टाका. मंगळबाजारात किंवा नवाबाजारात जाऊन साधं मांजरपाट किंवा जाड सुती कापड घ्या. समोरून जमिनीपर्यंत पोचेल एवढं लांब घ्या, म्हणजे टेबलाखाली ठेवलेली खोकी आणि डबे दिसणार नाहीत. इस्त्री करून, गुंडाळी करून न्या, घडी घालून नको. सुरकुतलेल्या कापडावर ठेवलेली ५०० रुपयांची वस्तू २०० रुपयांची वाटते.

रंगाबद्दल माझं मत जरा ठाम आहे. हस्तकलेच्या प्रदर्शनात दहातल्या आठ टेबलांवर ज्यूट असतं. मला त्याचा कंटाळा आला आहे, पण तुमच्या बाबतीत अडचण त्याहून खरी आहे: भाजलेली माती ज्यूटवर नाहीशी होते, तपकिरीवर तपकिरी. मातीच्या दागिन्यांखाली गडद बाटलीहिरवा किंवा पाटीचा राखाडी रंग घ्या. मॅक्रेमेचं उलट आहे. पांढरट सुताची गाठ दिसते ती तिच्या सावलीमुळे, म्हणून मागे पांढरी भिंत असेल तर सगळी मेहनत वाया जाते. तिच्यामागे नीळ किंवा विटकरी रंगाचं एक सलग कापड टांगा. पणत्या रंगीबेरंगी आहेत, त्यांना मांजरपाटच पुरे. एवढं केल्यावर मोबाइलवर १० फुटांवरून फोटो काढा आणि तो कृष्णधवल करून बघा. ज्या वस्तू पार्श्वभूमीत विरघळल्या त्यांची जागा किंवा खालचं कापड बदला. रंग डोळ्याला फसवतात, कृष्णधवल फोटो फसवत नाही.

किती माल मांडायचा, यावरून तुम्हा तिघींत वाद होणार हे मला आत्ताच दिसतंय. प्रत्येकीला आपलं सगळं वर हवं असतं. टेबलावर एक तृतीयांश माल, बाकी खाली. कमाटीबागेतलं म्युझियम बघून आलेल्या कुणालाही विचारा काय बघितलंस, तर उत्तर येतं ममी आणि देवमाशाचा सांगाडा. तिथे चित्रं आहेत, शिल्पं आहेत, नाणी आहेत, पण लक्षात राहतात ती दोन. तुमच्या टेबलालाही असा एक देवमासा हवा, आणि तो एकच. मोठं, चार फुटी वॉलपीस असेल तर तेच. त्याचा मध्य जमिनीपासून साधारण ५ फुटांवर येऊ द्या. चित्रदालनांतही चित्राचा मध्य १४५ ते १५० सेंटिमीटरच्या आसपास ठेवतात, कारण उभ्या माणसाची नजर तिथे असते. आपल्या पुढ्यात टेबल असल्यामुळे थोडं वरच. आणि ते अगदी मधोमध टांगू नका, एका बाजूच्या तिसऱ्या भागात टांगा. मधोमध टांगलं की पुन्हा देव्हारा होतो. ते विकलं जावं अशी अपेक्षा ठेवू नका, त्याचं काम माणसाला थांबवायचं. तरीही कुणी घेतलंच तर पैसे घ्या आणि "दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरपोच देऊ" म्हणा.

बहुतेक हॉलमध्ये भिंतीला खिळा मारू देत नाहीत आणि डबल टेपनं रंग निघाला तर अनामत रक्कम कापतात. म्हणून एक इंची पीव्हीसी पाइपची चौकट करा. हार्डवेअरच्या दुकानात कोपऱ्याचे जोड मिळतात, चिकटवू नका, नुसते दाबून बसवा म्हणजे सुटे करून रिक्षातून नेता येतील. पाय टेबलाच्या मागच्या पायांना केबल टायनं बांधा आणि खाली वाळूच्या पिशव्या ठेवा. हॉलचे पंखे जोरात असतात, वॉलपीस शिडासारखं वारा धरतं. लहान वस्तू अधांतरी दिसाव्यात म्हणून तंगूस, म्हणजे नायलॉनची बारीक पारदर्शक दोरी, वापरा, पण त्याची गाठ सुटते, तेव्हा दोनदा गाठ मारून टोक मेणबत्तीवर किंचित वितळवा.

प्रकाशावर लोक सर्वांत कमी खर्च करतात आणि फरक सर्वांत जास्त तिथेच पडतो. हॉलच्या ट्यूबलाइट बहुधा ६५०० केल्विनच्या, म्हणजे निळसर पांढऱ्या असतात. त्या उजेडात भाजलेल्या मातीतला लाल रंग मरतो आणि दागिने मळकट दिसतात. ३००० केल्विनचे, ७ वॅटचे एलईडी आणि चिमट्याचे दोन-तीन दिवे आणा. खोक्यावर केल्विनचा आकडा लिहिलेला असतो. त्याच्याशेजारी सीआरआय नावाचा आणखी एक आकडा असतो, तो रंग किती खरे दिसतील ते सांगतो. दुकानदार न विचारता ८०चा देतो, तुम्ही ९०च्या वरचा मागा. मॅक्रेमेवर मात्र हा पिवळसर दिवा टाकू नका, पांढरं सूत जुनं वाटायला लागतं. तिथे ४००० केल्विनचा एक दिवा बाजूनं, तिरका लावा. बाजूच्या प्रकाशात प्रत्येक गाठीची सावली पडते आणि काम उठून दिसतं. समोरून मारलेला दिवा सगळं सपाट करतो.

दिवे कुठून येतात तेही बघा. गिऱ्हाइकाच्या पाठीमागून आले तर त्याचीच सावली मालावर पडते. मागच्या चौकटीवरून थेट पुढे रोखले तर त्याच्या डोळ्यांत जातात. टेबलाच्या दोन पुढच्या कोपऱ्यांवर उभे पाइप लावून त्यांवरून आत, खाली असे वळवा. प्लग पॉइंट कुठे आहे हे आयोजकांना आजच विचारा आणि लांब वायरचा एक्स्टेन्शन बोर्ड स्वतःचा न्या. वायर जमिनीला टेपनं चिकटवा, संध्याकाळच्या गर्दीत लहान मुलं असतात.

दागिन्यांसाठी आरसा हवा हे तुम्हाला माहीत आहे, फोटोत तो दिसतोय. पण तो फारच लहान आहे आणि टेबलाच्या मध्यभागी आडवा ठेवलेला आहे. कानातलं घालून बघणारी बाई कान बघत नाही, चेहरा बघते. चेहरा आणि मान दिसेल एवढा आरसा टेबलाच्या टोकाशी, तिच्या चेहऱ्याच्या उंचीवर उभा करा, आणि तिथला दिवा आरशावर न टाकता तिच्या चेहऱ्यावर पडू द्या. टोकाशी ठेवायचं कारण असं, की ती दोन मिनिटं तिथे उभी राहते आणि बाकीच्यांची वाट अडत नाही. कानातल्यांना कार्डावर घट्ट शिवू नका. नुसत्या भोकात अडकवा, म्हणजे एका हातानं निघतील. आणि ट्रेमध्ये एक-दोन जागा रिकाम्या ठेवा. विकलं गेलं की लगेच भरायची घाई करू नका. सगळी रांग भरलेली असली की पहिला हात घालायला माणूस कचरतो.

पणत्यांचा प्रश्न निराळा. त्या सुट्या मांडल्या की लोक एक उचलतात, "छान आहे" म्हणतात आणि ठेवतात. दिवाळीला एक पणती कुणी घेत नाही. चार किंवा सहांचा संच पुठ्ठ्याच्या उघड्या खोक्यात, वर पारदर्शक कागद नको, आणि शेजारी हाताळायला दोन सुट्या. एक पणती पेटलेली दाखवायला हवी, कारण तिचं खरं रूप तेव्हाच कळतं. हॉलमध्ये ज्योत बहुधा चालत नाही आणि वर सुताचं वॉलपीस टांगलेलं असताना ती चालूही नये. बॅटरीवरचा छोटा दिवा त्यात ठेवा, पुरतो.

पणत्यांवर तुम्ही पिठोऱ्याचे घोडे काढलेत, त्याबद्दल एक सांगते. छोटा उदेपूरकडच्या राठवा या आदिवासी समाजात पिठोरा हा नवसाचा विधी आहे, घराच्या ओसरीच्या भिंतीवर बाबा पिठोरासाठी लिहिलेला. २०२३ साली परेश राठवा यांना त्या कलेसाठी पद्मश्री मिळाली. तुमच्या कार्डावर "पिठोरा पणती" असं छापू नका, "पिठोरा चित्रांवरून सुचलेली नक्षी" असं लिहा. बडोद्यात छोटा उदेपूरकडचं गिऱ्हाईक येतंच, आणि जाणकार माणसासमोर हे सोयीचं नाव टिकत नाही. शिवाय खरी गोष्ट लिहिली की गप्पा सुरू होतात, आणि गप्पांत वस्तू हातात राहते.

कार्डं मात्र लहान ठेवा: वस्तू काय, कुणी केली, कशी जपायची. मातीच्या दागिन्यांवर हमखास प्रश्न येतो की पाण्यात विरघळतील का. एकदाच लिहून टाका: भाजलेले आहेत, विरघळत नाहीत, पण पडले तर फुटतात. सगळं मराठीत आणि गुजरातीत लिहा. दांडिया बाजारातल्या आपल्या माणसांसाठी मराठी असायला हवी, पण पाकीट उघडणाऱ्यांत निम्म्याहून जास्त गुजराती असतील असं धरून चाला.

किंमत प्रत्येक वस्तूवर हवी, उलटीकडे लपवून नव्हे. मराठी बाई किंमत विचारत नाही. विचारली आणि परवडली नाही तर कसं दिसेल म्हणून ती पुढे जाते. गुजराती बाई विचारते, आणि लगेच "छेल्लो भाव शुं?", म्हणजे शेवटचा भाव काय, म्हणते. लिहिलेल्या किमतीनं पहिलीची भीड जाते आणि दुसरीशी बोलायला तुम्हाला आधार मिळतो. घासाघीस होणारच, तर भाव कमी करण्याऐवजी "तीन संच घेतले तर एक पणती वर" असं काही तिघींनी आधी ठरवून ठेवा, म्हणजे एक जण कमी करते आणि दुसरी गप्प बसते असं होणार नाही. स्टॉलच्या नावाची अक्षरं निदान दोन-तीन इंच उंच हवीत. एक इंची अक्षर साधारण १० फुटांवरून नीट वाचता येतं, आणि हॉलच्या दारातून तुमचं टेबल त्याहून लांब असणार.

टेबलामागे तिघी खुर्च्या टाकून बसल्यात तर वरचं सगळं फुकट. समोरच्याला तीन परीक्षक बसल्यासारखं वाटतं. एकीनं टेबलाच्या बाजूला उभं राहावं, एकीनं हिशोब आणि पॅकिंग बघावं, तिसरीनं फिरून यावं किंवा जेवून घ्यावं. बाजूला उभी असलेली हातात सूत घेऊन गाठी मारत राहिली तर फारच छान. काम चालू असलेल्या हातांकडे माणूस थांबून बघतो आणि त्याला बोलायचं दडपण राहत नाही. कुणी आल्या आल्या "या ना, बघा ना" करू नका. तिनं वस्तू उचलली की मग त्या वस्तूबद्दल एक वाक्य बोला. फुलांचा मोह होत असेल तर खंडेराव मार्केटमधून झेंडू आणा, पण एका पसरट भांड्यात आणि मालापासून लांब. माळा कडेनं सोडल्या की कुंपण तयार होतं.

घरी एकदा रंगीत तालीम करा. जमिनीवर ६ बाय अडीचचा चौकोन टेपनं आखा, मांडा, आणि घरातल्या किंवा शेजारच्या अशा माणसाला बोलवा ज्यानं हा माल कधी बघितलेला नाही. तो पहिल्या मिनिटात कशाला हात लावतो ते बघा, तोंडानं काय म्हणतो ते नाही. मग खोक्यांना ज्या क्रमानं उघडायची त्या क्रमानं आकडे घाला. कात्री, एस-हुक, सेफ्टी पिना, कपड्यांचे चिमटे, जादा किमतीच्या चिठ्ठ्या, धूळ पुसायला मऊ फडकं, सुट्टे पैसे हे सगळं एक नंबरच्या खोक्यात.

तिघींचा हिशोब हा मांडणीचा भाग नाही, पण तो बिघडला की दुसऱ्या दिवशी स्टॉलवर चेहरे पडलेले असतात. किमतीची चिठ्ठी दुहेरी करा, प्रत्येकीचा एक रंग. वस्तू विकली की अर्धी फाडून डब्यात टाका, रात्री मोजा. क्यूआर कोड एकीच्याच खात्याचा ठेवा आणि तो हिशोबाच्या टोकाला लावा. मालाच्या मध्ये ठेवलात तर पैसे देणारा बघणाऱ्याच्या समोर येऊन उभा राहतो.

दुपारी दोन ते साडेचार हॉल रिकामा असेल. त्या वेळेत जो माल सकाळपासून कुणी हातात घेतला नाही तो पुढच्या कडेला आणा आणि जो पटापट जातोय तो आत सरकवा, म्हणजे त्याच्यापर्यंत पोचताना हात दुसऱ्या वस्तूंवरून जाईल. दुसऱ्या दिवशी सकाळी मोठं वॉलपीस बदला, दोन्ही दिवस येणारी माणसं असतात.

आणि टेबल खरंच ६ फुटांचंच मिळणार आहे ना, हे आयोजकांकडून विचारून घ्या. कधी कधी मंडपवाला त्याऐवजी ३ फुटांची दोन टेबलं जोडून देतो. त्यांची उंची अर्धा-पाऊण इंच वर-खाली असते आणि मधल्या फटीत कानातलं गेलं की सापडत नाही. तसं असेल तर पुठ्ठ्याचा एक लांब तुकडा आणि जाड सतरंजी खाली अंथरायला घेऊन जा.